मोठ्या आवाजाचं घर

लहान मूल असलेल्या घरी येणारे-जाणारे विचारतात, दात आले का, चालायला लागली का. आमच्याकडे बदनापूरला येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता विचारायचा, "कान काय म्हणतो?" जसा काही कान हा आमच्या घरातला वेगळा, जरा तापट माणूस होता आणि त्याच्या मर्जीवर सगळं घर चालत होतं. खरं सांगायचं तर तसंच चालत होतं.

मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आधी नाक वाहायचं, मग ताप, मग ठणका, आणि मग सकाळी उशीवर पिवळसर डाग. कान फुटला की ठणका थांबायचा, त्यामुळे कान फुटला की आम्हाला हायसं वाटायचं. लेकराचा कान फुटला म्हणून सुटकेचा श्वास सोडणारे आईबाप आम्हीच. जालन्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे आमची इतकी ये-जा झाली होती की तिथला कंपाउंडर मुलीचं नाव विचारायच्या आधी "आज कोणता?" असं विचारायचा. डावा म्हटलं की डावा, उजवा म्हटलं की उजवा. औषध संपलं की थोडे दिवस बरे जायचे. आम्ही जरा हसायला-बोलायला लागलो की नाक पुन्हा वाहायचं.

आणि झोप. तिची, माझी, नवऱ्याची, सगळ्यांची. आडवं केलं की कानातला दाब वाढतो, उभं धरलं की जरा उतरतो, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, कारण आडवं केलं की ती किंचाळायची. म्हणून ती आमच्या खांद्यावर झोपायची आणि आम्ही उभ्याने. नवरा बियाण्याच्या कंपनीत आहे, दिवसभर शेताशेतात फिरतो, त्यामुळे चालत चालत झोपायची कला त्याला लवकर जमली. मला जमली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकदा मुलांना पाढे म्हणायला लावून मी खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. पोरं शहाणी. त्यांनी पाढे म्हणायचं थांबवलंच नाही, कारण थांबले तर बाई उठतील आणि लिहायला लावतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजारी लेकरू असलेलं घर म्हणजे सल्ल्यांचा आठवडी बाजार. कुणी सांगितलं ओव्याची पुरचुंडी शेका, कुणी म्हणालं कान बांधून ठेवा. चैत्राच्या उन्हात, बाहेर डांबर पातळ होत असताना, माझी मुलगी लोकरीची कानटोपी घालून अंगणात बसलेली असायची. कपाळावर घामोळं, नाकाला शेंबूड आणि डोक्यावर केशरी गोंडा.

या बाजारातलं मुख्य दुकान आमच्या सासूबाईंचं. त्यांचा माल एकच. लसणाची पाकळी जाळून केलेलं कोमट तेल, कानात दोन थेंब, आणि आंघोळीनंतर शेगडीवर ओव्याची धुरी. "आमची समदी लेकरं याच्यावरच वाढली," असं त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं, आजी, फुटलेल्या कानात तेल घालायचं नाही. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बिलकुल न्हाई, साहेब. मी कामून घालू?" त्या हे म्हणत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या नातीचा डावा कान ट्यूबलाइटच्या उजेडात तेलानं चकचकत होता. डॉक्टरांनी कानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

यावरून आमची भांडणं व्हायची. भांडणं म्हणजे दोघीही स्वयंपाकघरात आणि आवाज रस्त्यावर. पण त्याचं कुणाला विशेष वाटायचं नाही, कारण आमच्या घरात भांडण आणि बोलणं यात आवाजानं फरक करता येत नाही. त्याबद्दल जरा सांगायला हवं.

आमचं घर गावाला लागून, पण मळ्यात. मागे मोसंबीची बाग, बागेच्या पलीकडे विहीर, विहिरीपलीकडे कापूस. सासऱ्यांचं सगळं आयुष्य या टोकावरून त्या टोकाला हाळी देण्यात गेलं. मोटार चालू कर, बंद कर, बैल आलं, वानर आलं, जेवायला या. हाळी द्यायची तर छातीतून द्यावी लागते, आणि एकदा छातीतून बोलायची सवय लागली की माणूस ताटाशेजारचं मीठही छातीतूनच मागतो. सासूबाई त्यांच्या वरचढ. त्यांनी बागेत हाक मारली की पलीकडच्या वाडीतली माणसं "ओ" देतात. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा पहिला आठवडा मला वाटत होतं की ही माणसं माझ्यावरून कडाक्याची भांडताहेत. नंतर समजलं, नवी सून चहात साखर किती घेते याची चौकशी चालली होती.

माझं माहेर अंबडचं, वडील कचेरीत कारकून, घर भाड्याचं आणि भिंतीपलीकडे मालक. आम्ही हळू बोलायचो. पण पत्र्याच्या एका खोलीत दोन वर्ग शिकवून माझाही आवाज तयार झाला होता, आणि सासरी येऊन त्याला धार चढली. नवरा तर याच मातीतला. थोडक्यात, त्या घरात हळू बोलणारं एकही माणूस नव्हतं. आमची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ऐकू यायचं सगळ्यांना.

अशा घरात माझी मुलगी गाढ झोपायची. म्हणजे ठणका नसेल तेव्हा. उशाशी टीव्ही लावा, सासऱ्यांना फोनवर मोसंबीचा भाव करू द्या, ती हलायची नाही. एकदा शेजारच्या लग्नाची वरात आमच्या दारावरून गेली. डीजेनं खिडकीच्या काचा थरथरत होत्या, कपाटावरचा डबा सरकून खाली पडला, आणि ही झोळीत तोंड उघडं टाकून घोरत होती. सासूबाईंना कोण अभिमान! "माझ्या नातीची झोप बगा," म्हणून त्यांनी वरातीतल्या दोन बायकांना खास आत आणून झोळी दाखवली. ठणक्यानं रात्र रात्र जागी राहणारी मुलगी डीजेनं का उठत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही. झोपलीय ना, एवढंच मला पुरेसं होतं. त्या दिवसांत ती झोपलेली असताना मी देवालाही प्रश्न विचारला नसता.

बोलणं मात्र येत नव्हतं. दोन वर्षांची व्हायला आली तरी पाणीही "आ" आणि भाकरही "आ", फक्त बोट वेगळीकडे. सासरे म्हणायचे, "आपल्या घरात लेकरं उशिरानंच बोलत्यात. ह्यो बी तीन वर्साचा होईस्तोर मुकाच व्हता. आन आता बग, शंभर शेतकऱ्यासमोर भाषण करून राह्यला." ह्यो म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा समोरच बसला होता आणि यावर काहीच बोलला नाही, त्यामुळे पुरावा जरा लंगडा पडला.

मला भीती वाटायची. शाळेशेजारी अंगणवाडी आहे. तिथली तिच्याहून जराशीच मोठी पोरं बाईंकडे चुगल्या करायची, एकमेकांना शिव्यासुद्धा द्यायची. मला माझ्या मुलीच्या तोंडून एक शिवी ऐकायला मिळाली असती तरी मी पेढे वाटले असते.

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि माझा घसा बसला. नुसता बसला नाही, पार झोपला. चाळीस पोरांकडून लेझीम बसवून घेणं हे काम मऊ आवाजात होत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलायचं नाही, अगदीच गरज पडली तर हळू. नवऱ्यानं हे ऐकून तोंड दुसरीकडे फिरवलं. हसत होता, मला कळलं.

त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मुलगी माझं ऐकत नाही. मी मागून म्हणायचे, ये इकडे. ढिम्म. नाव घेऊन हाक मारायचे. ढिम्म. वर्तमानपत्र फाडत बसलेली असायची, मान वळवायची नाही. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडायच्या, "ए माय! ये गं भाकर खायला!" की ही वर्तमानपत्र टाकून, पडत-धडपडत, हसत आजीकडे.

मी जळले. दुसरा शब्द नाही. रात्र रात्र खांद्यावर घेऊन मी फिरायचं, शाळेत खुर्चीत पेंगायचं, तिनं औषध थुंकून माझ्या अंगावर उडवायचं, आणि कुणाच्या हाकेला धावायचं? ज्यांनी डॉक्टरांची नजर चुकवून कानात तेल घातलं त्यांच्या. सासूबाईंनाही हे कळत होतं. त्या जरा जास्तच हाका मारायला लागल्या होत्या. कामाशिवायच्या हाका. पोरगी धावत आली की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "माहं आयकती बया. बाकीच्याचं आयकत नसंल."

नवऱ्याला बाजूला घेऊन मी होता तेवढ्या आवाजात सांगितलं, तुमच्या आईनं तिला फितवलंय. तो म्हणाला, "अगं, घसा बसलाय तवर तरी भांडण बंद ठेव."

एका दुपारी ती ओसरीवर पाठमोरी बसली होती. डब्यांची झाकणं एकावर एक ठेवत होती. मी तिच्या मागे बसले, हात लांबवला तर पाठीला लागेल इतकी जवळ. हाक मारली. पुन्हा मारली. मनात म्हटलं, आज काही झालं तरी आजीकडे जाऊ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेलाही ती वळली नाही, म्हणून मी रागारागानं उठून तिच्या समोर गेले. मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा असा फुलला, दोन्ही हात वर, झाकणं गेली अंगणात. तिला मी हवी होते. मी इथे आहे हेच तिला माहीत नव्हतं.

मी तिला उचललं. राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी जे आलं त्यापेक्षा राग परवडला असता.

जालन्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी तिला नवऱ्याच्या मांडीवर बसवलं, समोर खेळणं दिलं, आणि मागे जाऊन हळूच तिचं नाव घेतलं. ती खेळत राहिली. जरा मोठ्यानं घेतलं. ती खेळत राहिली. नवऱ्याला राहवेना. तो म्हणाला, "डॉक्टर, नीट आवाज द्या की. ऐकते ती." आणि त्यानं स्वतःच मान वळवून, विहिरीवर देतो तशी हाळी दिली. पोरगी झटकन वळली आणि खिदळली. बाहेरच्या बाकावरचं कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, आणि रिसेप्शनची मुलगी दार उघडून बघून गेली. नवरा विजयानं म्हणाला, "बघा!"

डॉक्टरांनी बघितलं. मग विचारलं, "घरी हळू बोललेलं ऐकते का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "हळू कोण बोलतं?"

त्यांनी कानात रबराची बोंडी लावून यंत्रावर तपासलं. निरोगी कानाची रेघ टेकडीसारखी वर चढून उतरते म्हणे. आमची रेघ दोन्ही कानांची सपाट, धान्याच्या मोंढ्यातल्या रस्त्यासारखी. पडद्यामागे पाणी साचलं होतं, डिंकासारखं चिकट. ठणका थांबायचा, पण पाणी जातच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोकं पाण्यात बुडवून ऐकावं तसं तिला सगळं ऐकू येतंय. मोठे आवाज पोचतात, बाकीचे नाही. तुमच्या घरी सगळे मोठ्यानं बोलतात, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नाही. शब्द शिकायचं वय हेच आहे. काही महिने वाट बघू, पाणी आपोआप गेलं तर उत्तम. नाही गेलं तर पडद्यात बारीक नळी बसवू. उशीर केला तर बोलणं मागे पडेल, आणि ते भरून काढायला फार कष्ट पडतील.

तेलाचं मी मुद्दाम विचारलं. मला वाटत होतं आता न्याय मिळेल. ते म्हणाले, "तेलानं हे झालेलं नाही. नाकाकडून कानात जाणारी वाट लहान मुलांत अरुंद असते, तिथं अडतं. पण तेल नको, आणि धुरी तर बिलकुल नको." माझी इतक्या महिन्यांची केस एका वाक्यात निम्मी निकालात निघाली. तरी घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगायला लागणारी ताकदही माझ्यात उरली नव्हती.

घरात कुणी विश्वास ठेवला नाही. सासूबाईंनी तर जागेवरच डॉक्टरांना खोटं पाडलं. नात अंगणात पाठमोरी होती, त्यांनी ओसरीवरून हाक मारली, आणि ती धावत आली. "आता? बहिरी हाये का ही? माहं कसं आयकती मंग?" नंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे हा प्रयोग व्हायचा. पाहुणे चहा पीत माना डोलवायचे. मी काय बोलणार? खरंच धावत यायची ती. सगळ्या जगात तिला सर्वांत नीट पोचणारा आवाज आजीचा होता. सासूबाईंना हे प्रेमानं होतंय असं वाटत होतं, आणि प्रेम नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

महिने गेले. धुरी बंद झाली, शेगडी माळ्यावर गेली. तेलाबद्दल मी शपथ घेणार नाही. पुन्हा तपासलं, रेघ सपाटच. नळी बसवायचं ठरलं आणि आम्ही संभाजीनगरला गेलो.

ऑपरेशन लहान होतं. सगळे हेच सांगत होते, लहान आहे, काही नाही, बघता बघता होतं. पण तिला भूल द्यायला आत नेताना तिनं माझ्या गळ्यातली पोत घट्ट धरली होती, आणि नर्सनं एकेक बोट सोडवलं. तिला समजावून सांगायची सोय नव्हती. कानाशी बोलावं तर ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलावं तर दवाखाना. मी बाहेर बाकावर बसून रडले. नवरा पलीकडे उभा राहून आईला फोनवर सांगत होता की काळजी करू नको, आत्ताच नेलीय. ही बातमी त्या मजल्यावरच्या सगळ्या नातेवाइकांना मिळाली आणि एका नर्सनं येऊन त्याच्यासमोर तोंडावर बोट ठेवलं.

घरी येताना गाडीत ती एकदम ताठ बसली. गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, टिकटिक थांबली तर परत माझ्याकडे बघितलं. नवऱ्याला कळलं. त्यानं सरळ रस्त्यावर, कुठेही वळायचं नसताना, पुन्हा इंडिकेटर लावला. मागचे गाडीवाले काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. चिप्सचा रिकामा पुडा तिनं कानाशी धरून बदनापूर येईपर्यंत चुरगाळला. मी हसत होते आणि नाक पुसत होते.

घरापुढे सगळे उभे होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं घशात आणून ओरडल्या, "आली गं माय माही!"

पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले, किंचाळली, आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. सगळ्यांना वाटलं ऑपरेशनचं दुखतंय. दुखत नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी आजी नुसती दारात दिसली तरी पोरगी माझ्या पायामागे लपायला लागली. हाक येईल या भीतीनं.

डॉक्टर म्हणाले होते, होईल सवय, तोवर जरा हळू बोला. हे सांगायला त्यांना काय जातं? आमच्या घरात हळू बोलायचं म्हणजे सर्कस झाली. सासरे मोबाईल घेऊन विहिरीवर जायला लागले. घरात कुजबुजायला गेले की नुसती हवा यायची, आणि काय म्हणालात म्हणून विचारलं की भडका उडायचा. जेवताना मीठ खुणेनं मागणं सुरू झालं. पाहुणे आले की दबकत विचारायचे, कुणी गेलं काय? आणि झोपेचं म्हणाल तर ठणका संपला, पण आता तिला सगळंच ऐकू येत होतं. जन्मापासून जवळच्या रुळावरून गाड्या जात होत्या, त्या तिला आता कळल्या. पाल चुकचुकली तरी उठून बसायची आणि बोट दाखवायची. मला झोप मिळत नव्हती ती नव्हतीच. पण मी तक्रार केली नाही. केली, पण मनापासून नाही.

सासूबाई मात्र गप्प झाल्या. त्यांच्या आवाजाला चालू आणि बंद एवढंच येत होतं. हळू बोलायचा त्यांनी एक-दोनदा प्रयत्न केला, शब्द अर्ध्यात चढला, पोरगी दचकली, आणि मग त्यांनी नातीसमोर तोंड उघडायचंच सोडून दिलं. खरं सांगते, पहिले दोन-चार दिवस मला ती शांतता आवडली. तेल नाही, सल्ला नाही. नंतर ती मला खायला उठली. एकदा विहिरीकडून सासऱ्यांचा आवाज आला. सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण उत्तर सगळ्या बागेनं ऐकलं. "आगं येईल ती! तुह्यापशी न्हाई तर कोनापशी येईल? आवाजाला भेती ती, तुला न्हाई!"

एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. मुलगी जमिनीवर चमचे मांडत होती. मध्येच तिचा हात थांबला. मान वर केली, जरा वाकडी केली, आणि उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं परत येऊन माझी ओढणी ओढायला लागली.

"आजी," ती म्हणाली. हा शब्द नवा होता, आठवड्याभराचा.

"आजी झोपल्यात," मी म्हटलं.

"आजी," तिनं पुन्हा म्हटलं आणि स्वतःच्या गालावरून बोट खाली ओढलं.

मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. घरात दुपार होती, पंखा फिरत होता. तरी तिच्या मागे गेले.

कापूस ठेवायच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात धरलेला, आणि खांदे हलत होते. आवाज नव्हता. म्हणजे मला तरी नव्हता. इतकी वर्षं मी त्या घरात आहे, त्या बाईला हळू रडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. कदाचित आधीही रडल्या असतील. आमच्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

पोरगी माझा हात सोडून पुढे गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सरळ जाऊन त्यांच्या मांडीवर चढली आणि पदराचा बोळा तोंडातून ओढून काढला. सासूबाईंनी दचकून तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत भीती होती. आत्ता आवाज निघाला तर ही पळून जाईल, याची.

मग त्या खाली वाकल्या. तिच्या कानाला ओठ लावून काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. मी दारात उभी होते, चार पावलांवर, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो."